दोन इष्टांमधील निवड

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती ही की, त्या ग्रंथांतील माणूस बहुधा मोठ्या संकटात सापडलेला असतो. एकीकडे कर्तव्य व दुसरीकडे स्नेह, एकीकडे सत्य व दुसरीकडे कोणाचा तरी प्राण, अशा पेचात त्यास उभे करून ग्रंथकार त्याच्याकडून निर्णयाची अपेक्षा करतो. अर्जुनाचा विषाद काय किंवा धर्मराजाचे अर्धसत्य काय, आमच्या परंपरेनेही आपली सूक्ष्म बुद्धी अशाच प्रसंगांवर खर्च केली आहे. कठोपनिषदात यम नचिकेत्यास श्रेयस् आणि प्रेयस् यांतील भेद विशद करून सांगतो; परंतु तो भेद हितकर आणि रुचकर यांमधला आहे. सामान्य गृहस्थाच्या आयुष्यात असे प्रसंग किती येतात? त्याच्यापुढे पुष्कळदा उभ्या राहतात त्या दोन रुचकर गोष्टी. दोन्ही निर्दोष, दोन्ही आटोक्यातल्या, मात्र दोन्ही एकदम घेणे अशक्य. अशा वेळी काय करावे याविषयी यमही मौन धरतो, आणि माणूस जितका अधिक शिकलेला तितका तो अधिक काळ दारातच घोटाळत उभा राहतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जे उदाहरण घेत आहो ते काही वाचकांस या मासिकाच्या पानांत शोभणारे वाटणार नाही. ज्या वाहनास आमच्या लहानपणी फटफटी म्हणत, त्याच्या दोन अत्यंत थोराड आणि महागड्या जातींपैकी कोणती घ्यावी, असा तो प्रश्न आहे. आमचा एक जुना विद्यार्थी, आज पंचेचाळिशी ओलांडलेला, एका कारखान्यात इंजिनियर आहे. त्याच्यापाशी रॉयल एन्फील्डची ४११ घनसेंटिमीटरची 'हिमालयन' आहे आणि तिच्यावरून त्याने लेह, स्पिती आणि आपले सगळे कोकण पालथे घातले आहे. आता त्यास मोठी गाडी हवी आहे. कोणती, हे ठरविण्यात त्याची दोन वर्षे गेली. "सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत, आता तुम्हीच सांगा," असे तो परवा आम्हांस म्हणाला. आम्हांस मोटारसायकल चालवता येत नाही. तथापि प्रश्न मोटारसायकलीचा नाही हे पाच मिनिटांत कळून चुकले.

प्रथम त्या दोन गाड्यांची ओळख करून दिली पाहिजे. एक जर्मनीतील बी.एम.डब्ल्यू. कारखान्याची आर १३०० जी.एस. आणि दुसरी जपानातील होंडा कारखान्याची आफ्रिका ट्विन. पहिलीचे घराणे १९८० सालच्या आर ८० जी.एस.पासून चालत आले आहे. त्या दोन अक्षरांमागील मूळ जर्मन शब्दांचा अर्थ 'रानवट भूमी' आणि 'रस्ता' असा होतो. दुसरीचे नाव १९८८ सालचे. मध्यंतरी ते लोपले होते, २०१५ साली कारखान्याने ते पुन्हा जगासमोर आणले. जर्मन गाडीचे दोन सिलिंडर, मल्लाने दंड पसरावेत तसे, डाव्याउजव्या बाजूंस आडवे पसरलेले असतात. त्यामुळे भार जमिनीलगत राहतो आणि एवढे धूड वळणावर आश्चर्यकारक हलकेपणाने कलते, असे चालविणारे सांगतात. तिची शक्ती १४५ अश्वांची, वजन २३७ किलो, आणि मागच्या चाकास गती मिळते ती बंदिस्त शाफ्टच्या द्वारे. होंडाचे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे. आकार १०८४ घनसेंटिमीटर, शक्ती सुमारे शंभर अश्वांची, वजन किंचित कमी, आणि चाकास गती देणारी साधी चेन. जर्मन गाडीचे पुढचे चाक १९ इंचांचे, तर होंडाच्या साध्या आवृत्तीचे २१ इंचांचे. मोठे चाक दगडधोंड्यांवरून सहज चढून जाते, लहान चाक डांबरी रस्त्यावर चटकन वळते. चेन पुसावी लागते, तिला तेल द्यावे लागते, ती सैल झाली तर ताणावी लागते, झिजली तर बदलावी लागते. पण हे सर्व रस्त्याच्या कडेला बसून होण्यासारखे आहे. शाफ्टला यांतले फारसे काही लागत नाही. परंतु तो रानात मोडला तर रस्त्याच्या कडेचा मिस्त्री हात जोडतो. जर्मन गाडी २०२४ साली हिंदुस्थानात आली तेव्हा तिची किंमत वीस लाख रुपयांहून अधिक होती. होंडाची तिच्यापेक्षा काही लाखांनी कमी.

कोणी म्हणेल, इतिहासास विचारावे. तोही मार्ग आमच्या विद्यार्थ्याने चोखाळला आहे. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून एक शर्यत निघाली; ती सहाराचे वाळवंट तुडवीत सेनेगल देशातील डाकारपर्यंत गेली, आणि पुढे दरवर्षी निघू लागली. या जातीच्या गाड्यांना जी प्रतिष्ठा आहे ती पुष्कळ अंशी त्या शर्यतीची देणगी होय. तीत १९८१, १९८३, १९८४ व १९८५ या साली बी.एम.डब्ल्यू. जिंकली. मधले १९८२ साल होंडाचे. आणि १९८६ पासून १९८९ पर्यंत लागोपाठ चार वर्षे होंडाचीच एन.एक्स.आर. नावाची गाडी जिंकली. आफ्रिका ट्विनचे नाव आणि रूप तिच्याच कीर्तीतून जन्मास आले. म्हणजे चारास पाच! शिवाय त्या गाड्या शर्यतीसाठी खास घडविलेल्या. दुकानात मिळतात त्या नव्हेत. निकालासाठी सहारापर्यंत गेलेला आमचा विद्यार्थी तेथूनही रिकाम्या हातांनीच परतला.

मग त्याने तक्ता मांडला. इंजिनियरच तो. शक्ती, वजन, टाकी, बैठकीची उंची, दुरुस्तीचा खर्च, मागे बसणाऱ्याची सोय, असे चौदा रकाने. प्रत्येक रकान्यास त्याच्या महत्त्वाप्रमाणे गुणक. आणि शेवटी बेरीज. ही पद्धती नवी नाही. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञापुढे नोकरीचा असाच पेच पडला होता, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने त्यास पत्राने हाच मार्ग सुचविला होता. कागदाच्या मधोमध रेघ ओढावी, एका बाजूस अनुकूल व दुसऱ्या बाजूस प्रतिकूल कारणे तीनचार दिवस सुचतील तशी लिहीत जावी, समान वजनाची कारणे परस्परांत खोडावी, आणि जे उरेल त्यावरून ठरवावे. फ्रँकलिनचा व्यवहारीपणा सर्वश्रुत आहे. परंतु या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही की, कारणांना वजन असते आणि ते मोजण्याचे एकच माप असते. आमच्या विद्यार्थ्याच्या बेरजेत जर्मन गाडी तीन गुणांनी पुढे आली. तेव्हा त्याच्या मनास कसेसेच झाले, आणि 'दुरुस्तीचा खर्च' या रकान्यास आपण कमी गुणक दिला असे त्यास वाटू लागले. तो गुणक वाढविताच होंडा दोन गुणांनी पुढे गेली. तेव्हा पुन्हा कसेसेच झाले. असे दोन वर्षे चालले आहे.

या ठिकाणी बुरिदानच्या गाढवाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. समान अंतरावर ठेवलेल्या गवताच्या दोन समान भाऱ्यांमध्ये उभे असलेले ते गाढव, एकीकडे वळण्यास दुसरीपेक्षा अधिक कारण न सापडल्यामुळे, उपाशी मेले अशी कथा आहे. चौदाव्या शतकातील पॅरिसच्या या पंडिताच्या उपलब्ध ग्रंथांत ते गाढव कोठेच नाही; तत्सदृश दृष्टान्त ॲरिस्टॉटलमध्ये मात्र आहे. एका गंभीर तत्त्वज्ञाचे नाव पाचसहा शतके दुसऱ्याच्या गाढवाबरोबर जुंपले जावे, हा कीर्तीचा विनोद होय. असो. आमच्या विद्यार्थ्याची स्थिती त्या गाढवाहून वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा महत्त्वाचा आहे. भारे खरोखरच समान असते तर एका भाऱ्यात चार काड्या अधिक टाकल्या की प्रश्न सुटता. येथे एका गाडीची किंमत काही लाखांनी कमी असूनही प्रश्न सुटत नाही! उद्या दुकानदाराने आणखी दहा हजारांची सूट दिली तरी तो सुटणार नाही. ज्या अर्थी अल्पशा भराने पारडे झुकत नाही, त्या अर्थी ती दोन पारडी समान नव्हती. आणि एक दुसऱ्याहून सरस आहे असेही म्हणता येत नाही. रूथ चँग या अमेरिकन तत्त्वज्ञ विदुषीने २००२ साली एका निबंधात असा सिद्धान्त मांडला की सरस, निरस आणि समान या तीन संबंधांखेरीज दोन मूल्यवान वस्तूंत एक चौथा संबंध संभवतो. त्यास आम्ही 'समकक्षता' म्हणू. संख्यांच्या जगात हा संबंध नाही; तेथे तिसऱ्यानंतर चौथा पर्याय उरत नाही. परंतु मूल्ये म्हणजे संख्या नव्हेत. ज्ञानेश्वर थोर की तुकाराम, या वादात ज्यांची रात्र गेली आहे त्यांस हे चँगबाईंनी सांगावयास नको.

आता प्रश्न असा की, जेथे समकक्षता आहे तेथे अधिक तुलना करीत राहणे हे कशाचे लक्षण? आमच्या विद्यार्थ्यास ते सावधपणाचे लक्षण वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. त्याच्या तक्त्यात गेल्या वर्षभरात एकही नवी माहिती पडलेली नाही. तीच कारणे तो पुनःपुन्हा तोलीत आहे. निर्णय आपण घेऊ नये, तो गाडीनेच घ्यावा, आकड्यांनी घ्यावा, शक्य तर आपल्या जुन्या प्राध्यापकाने घ्यावा, म्हणजे पुढे पस्तावण्याची पाळी आली तर दोष देण्यास कोणीतरी असेल, अशी ही सुप्त इच्छा आहे. आणि याचे मूल्य तो देत आहे. मनालीहून लेहकडे जाणारा रस्ता वर्षातून साधारणतः चारपाच महिनेच मोकळा असतो. जून ते ऑक्टोबर असे दोन हंगाम त्याने जुन्या गाडीवरूनही प्रवास न करता घालविले, कारण 'आता मोठी घेतल्यावरच जाऊ'. पंचेचाळिशीनंतर माणसापाशी असे हंगाम किती उरतात, याचा रकाना त्या चौदांत नाही.

परंतु येथेच तिसरा पर्याय डोकावतो. कापडाच्या दुकानातील गुमास्ता मुरलेला असला म्हणजे लुगडे हवे आहे काय असे विचारीत नाही. निळे दाखवू की हिरवे, असे विचारतो. गिऱ्हाईक निळ्याहिरव्याच्या विचारात पडले की लुगड्याची खरेदी ठरलीच म्हणावयाची. 'ही की ती' हा प्रश्न ज्याने मनात घेतला त्याच्या मनातून 'घ्यावी की नाही' हा प्रश्न आपोआप हद्दपार होतो. जुन्या हिमालयनने काय गुन्हा केला आहे असे आम्ही विचारले तेव्हा आमचा विद्यार्थी जरा गडबडला. ती लेहपर्यंत गेली होती, आणि परतही आली होती. खारदुंग ला या खिंडीची उंची तेथील पाटीवर पुष्कळ वर्षे १८,३८० फूट लिहिलेली असे. प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे १७,६०० फूट भरते. वरचे आठशे फूट प्रवाशांच्या अभिमानासाठी ठेवलेले! आमच्या विद्यार्थ्याच्या गरजेतही असे काही फूट आहेत की काय, हे पाहणे अगत्याचे होते. १९७३ साली टेड सायमन नावाचा एक इंग्रज पत्रकार ५०० घनसेंटिमीटरच्या ट्रायम्फ गाडीवरून निघाला आणि चार वर्षांत चाळिसांहून अधिक देश, आपला हिंदुस्थान धरून, फिरून आला. निघण्यापूर्वी थोडेच दिवस तो मोटारसायकल चालवावयास शिकला होता.

फ्रेंच ग्रंथकार दिदेरो याने आपल्या जुन्या अंगरख्याच्या वियोगावर एक मोठा गमतीचा निबंध लिहिला आहे. त्यास कोणी नवा, झगझगीत तांबडा अंगरखा दिला. त्यासरशी खोलीतील जुनी खुर्ची, जुने मेज, जुन्या तसबिरी त्यास ओशाळवाण्या दिसू लागल्या, आणि एकेक करीत त्याने सर्व बदलले. मोठ्या गाडीचेही तसेच आहे. तिच्याबरोबर ॲल्युमिनियमच्या पेट्या येतात, गुडघ्यापर्यंतचे बूट येतात, मोठ्या चाकांचे मोठ्या किमतीचे टायर येतात, आणि गाडी लावण्याच्या जागेवरून सोसायटीच्या चिटणिसाशी वाद येतो. 'वरची पायरी' या शब्दप्रयोगातच एक शिडी गृहीत धरलेली असते. ती शिडी कोणी उभी केली, हे चढणारा सहसा विचारीत नाही.

एवढे लिहून आम्ही अपरिग्रहाचे प्रवचन देऊ, असे वाचकांस वाटेल. तसा आमचा मानस नाही. ज्याने वीस वर्षे कष्टाने मिळविले, मुलीच्या शिक्षणाची तरतूद केली, कोणाचे देणे ठेवले नाही, त्याने आपल्या आवडीच्या वस्तूवर खर्च करू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्यांच्या घरी न वाचलेल्या पुस्तकांची तीन कपाटे आहेत त्या प्राध्यापकांनी तर याविषयी फार बोलूच नये. किंबहुना त्या कपाटांवरूनच आम्हांस या प्रश्नातील मर्म दिसले असे म्हटले तरी चालेल. आम्ही जी पुस्तके घेतो ती आज आहो त्या माणसासाठी घेत नाही. पुढे कधीतरी आम्ही जे होऊ अशी आशा असते, त्या माणसासाठी घेतो. आमचा विद्यार्थीही गाडी घेत आहे ती अशाच एका माणसासाठी. २१ इंचांचे चाक स्पितीच्या दगडांसाठी. पण त्याच्या प्रवासाचे दहापैकी नऊ हिस्से पुणे-बंगळूर हमरस्त्यावर होतात. १४५ अश्वांची शक्ती पाठीमागे दोघांचे सामान घेऊन खिंड चढण्यासाठी, पण त्याच्या पत्नीने आम्हांस हसत सांगितले की, "कुठलीही घ्या, माझे पाय दोन्हीवरून जमिनीला लागत नाहीत." बैठकीची उंची दोहोंचीही साडेआठशे मिलिमीटरांच्या घरात आहे, युरोपीय देहयष्टीस ती ठीक, आपल्याकडील मध्यम बांध्याच्या माणसास दोन्ही टाचा टेकणे कठीण. आणि एवढे धूड ओढ्याच्या पात्रात आडवे झाले तर उचलावयास दुसरा माणूस लागतो. एकट्याने दूर जाण्यासाठी घेतलेली गाडी एकट्यास दूर नेण्यास भीतीची वाटावी, हा विरोध त्या जाहिरातींतून दाखवीत नाहीत. आमच्या जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हे बळजोरीच्या अपराधाचे नाव होते. आज ते विक्रीयोग्य मालाचे विशेषण झाले आहे.

म्हणून आमच्या मते या निवडीत विवेकाचे काम गाड्यांशी संपते आणि माणसाशी सुरू होते. होऊ पाहणाऱ्या माणसासाठी वस्तू घेणे यात असत्य काही नाही. परंतु ती एक हुंडी आहे आणि ती आपल्याच नावावर काढलेली आहे. ज्यास पत्नीसह हमरस्त्याने दूरदूर जावयाचे आहे तो एक माणूस. ज्यास दगडगोट्यांच्या वाटेवर एकटे रखडावयाचे आहे तो दुसरा. दोघेही भले. यांपैकी कोणाची हुंडी आपण वटवू, हे त्याने ठरविले म्हणजे चौदा रकान्यांतील दहा आपोआप गळून पडतील. आणि दोघांपैकी एकाचीही वटविण्याची तयारी नसेल तर हिमालयन दारात उभी आहेच.

२००४ साली यूअन मॅग्रेगर हा नट आणि त्याचा मित्र चार्ली बूरमन हे लंडनहून पूर्वेकडे निघून, रशिया, मंगोलिया, सैबेरिया आणि अमेरिका ओलांडून न्यूयॉर्कास पोहोचले. त्यांच्या प्रवासाचा बोलपट पाहून जगभरच्या कित्येकांस या जातीच्या गाड्यांचे वेड लागले, आणि आमच्या विद्यार्थ्याचे वेडही तेथलेच. त्यांस आधी के.टी.एम. या ऑस्ट्रियन कारखान्याच्या गाड्या हव्या होत्या. त्या कारखान्याने ऐन वेळी नकार दिला, म्हणून ते बी.एम.डब्ल्यू.वर गेले. निवड त्यांनी केली नाही, ती त्यांच्यावर पडली. मंगोलियाच्या चिखलात त्यांच्याबरोबरच्या चित्रकाराची गाडी नादुरुस्त झाली तेव्हा तेथेच एक साधी रशियन गाडी विकत घेऊन त्याने पुढचा काही मजल मारला. तथापि आज त्या प्रवासाचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे तीच जर्मन गाडी येते. जणू दुसरी कोणती असूच शकली नसती. हे 'असूच शकली नसती' गाडीत आधी नव्हते, ते हजारो मैलांनी तिच्यात घातले.

यावर असा आक्षेप येईल की, मागाहून जडलेल्या प्रेमाने निवड योग्य ठरत असेल तर वाटेल ती निवड योग्य ठरेल. आणि फसलेला खरेदीदारही आपल्या खरेदीचे समर्थनच करीत असतो. आक्षेप खरा आहे. परंतु समर्थन आणि निगा यांत अंतर आहे, आणि ते ओळखता येते. समर्थन करणारा दुसऱ्या गाडीची निंदा केल्याशिवाय आपल्या गाडीविषयी दोन वाक्ये बोलू शकत नाही. निगा राखणाऱ्यास दुसरीची आठवणही येत नाही. शिवाय आम्ही जे म्हणतो ते समकक्ष वस्तूंपुरतेच आहे. ज्या गाडीवर पाय टेकत नाही, किंवा जिच्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागते, तिला कितीही हजार मैल योग्य ठरविणार नाहीत.

आमच्या विद्यार्थ्याने होंडा घेतली तर दर काही शे किलोमीटरांनी त्यास गुडघे टेकून चेन पुसावी लागेल, तेल द्यावे लागेल, बोटे काळी करावी लागतील. जर्मन गाडी घेतली तर ते सर्व वाचेल. पण ती आडरानात अडली तर पुण्याहून किंवा दिल्लीहून मदत येईपर्यंत एखाद्या ढाब्याच्या बाजेवर स्वस्थ बसण्याची तयारी ठेवावी लागेल. यांतले कोणते आपणांस न कुरकुरता करता येईल, हे त्याने एकदा स्वतःस विचारावे, असे आम्ही त्यास सांगितले आहे. आणि उत्तर मिळो न मिळो, येत्या जूनमध्ये जी गाडी दारात असेल तिच्यावरून निघावे, असेही.